शेतघरातील वाय-फाय राउटर : अंतर्गत पत्त्यांची योग्य मांडणी

शेतघरात वाय-फाय राउटर ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. मोबाईल फोन, टी.व्ही. व संगणक यांबरोबरच गोठ्यातील कॅमेरा, विहिरीवरील पंप चालू-बंद करणारा नियंत्रक, ठिबक संचाचे स्वयंचलित व्हॉल्व्ह, पॉलिहाऊसमधील तापमान व आर्द्रता दाखविणारी उपकरणे याच राउटरला जोडली जातात. तंत्रज्ञ जोडणी करून जातो, फोनवर इंटरनेट सुरू होते आणि पुढे राउटरकडे कोणी पाहत नाही. केवळ फोन वापरावयाचे असतील तर एवढे पुरेसे आहे. मात्र पिकाचे पाणी राउटरवर अवलंबून असेल तर ते पुरेसे नाही.

"वीज जाऊन आली की पंपाचा नियंत्रक फोनवर दिसत नाही", "कॅमेरा कधी चालतो, कधी बंद पडतो" अशा तक्रारी नेहमी ऐकावयास मिळतात. उपकरण बिघडले असे समजून ते बदललेही जाते. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा दोष उपकरणात नसून राउटरमधील पत्त्यांच्या मांडणीत असतो. ऐन फुलोऱ्यात किंवा रोपे नुकतीच लावलेली असताना पाण्याची एक पाळी चुकली तरी नुकसान होते. ही मांडणी शेतकऱ्यांना स्वतः करता येते व त्यास वेगळा खर्च येत नाही.

अंतर्गत जाळे म्हणजे काय?

राउटरला दोन बाजू असतात. बाहेरची बाजू इंटरनेट कंपनीच्या केबलला अथवा सिमकार्डला जोडलेली असते. आतली बाजू घरातील व शेतातील उपकरणांसाठी असते. तिला स्थानिक जाळे किंवा 'लॅन' असे म्हणतात. या जाळ्यातील प्रत्येक उपकरणाला चार आकड्यांचा एक पत्ता असतो. उदा. १९२.१६८.१.२०. यातील प्रत्येक आकडा ० ते २५५ या दरम्यान असतो. (या लेखात आकडे देवनागरीत दिले असले तरी राउटरमध्ये ते इंग्रजी अंकांतच भरावेत.)

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती व खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १९९६ च्या मानकात तशी तरतूद आहे. त्यामुळे तोच पत्ता लाखो घरांत असतो व त्याने काही बिघडत नाही. गट नंबर १२५ अनेक गावांत असतो, पण एकाच गावात दोन जमिनींना १२५ नंबर पडला तर वाद उभा राहतो, तसाच हा प्रकार आहे.

'सबनेट मास्क' म्हणजे या गावाची शीव. घरगुती राउटरमध्ये ती साधारणपणे २५५.२५५.२५५.० अशी असते. याचा अर्थ पहिले तीन आकडे गावाचे आणि शेवटचा आकडा उपकरणाचा. शेवटच्या जागी १ ते २५४ हे आकडे वापरता येतात. ० हा त्या जाळ्याच्या स्वतःच्या ओळखीसाठी व २५५ हा सर्व उपकरणांना एकाच वेळी संदेश देण्यासाठी, म्हणजे दवंडीसाठी, राखीव असतो.

पत्त्यांची टक्कर का होते?

उपकरणाला पत्ता दोन प्रकारे मिळतो. पहिल्या प्रकारात राउटर स्वतः पत्ता वाटतो. या सोयीला 'डीएचसीपी' म्हणतात. हा पत्ता कायमचा नसतो. खंडाने दिलेल्या जमिनीप्रमाणे त्याला मुदत असते व मुदतीनंतर तो दुसऱ्या उपकरणास मिळू शकतो. दुसऱ्या प्रकारात उपकरणाच्या सेटिंगमध्ये पत्ता कायमचा भरून ठेवला जातो.

दोन्ही प्रकार एकाच मालिकेत मिसळले की अडचण येते. समजा, राउटर २ ते २५४ हे सर्व पत्ते वाटतो आणि पंपाच्या नियंत्रकात १९२.१६८.१.५ हा पत्ता कायम भरलेला आहे. वीज जाते. अनेक घरगुती राउटर बंद पडल्यावर कोणाला कोणता पत्ता दिला होता ते विसरतात. वीज आल्यावर राउटर नव्याने वाटप सुरू करतो व ५ क्रमांक एखाद्या मोबाईलला देऊन बसतो. तेवढ्यात नियंत्रकही चालू होतो आणि त्याच पत्त्यावर हक्क सांगतो. आता राउटरकडून निघालेला संदेश कधी मोबाईलकडे, कधी नियंत्रकाकडे जातो. म्हणूनच असा दोष सतत न दिसता अधूनमधून दिसतो व सापडत नाही.

यावर उपाय सोपा आहे. जागेवरून न हलणाऱ्या उपकरणांसाठी पत्त्यांचा एक पट्टा राखून ठेवावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या फोनसाठी दुसरा. दोन्हींमध्ये स्पष्ट बांध असावा.

पूर्वतयारी

प्रथम वहीत सर्व उपकरणांची यादी करावी. उपकरणाचे नाव, ते कोठे बसविले आहे, आणि त्याचा मॅक क्रमांक लिहावा. मॅक क्रमांक म्हणजे कारखान्यात दिलेला, अंक व इंग्रजी अक्षरांच्या सहा जोड्यांचा ओळख क्रमांक होय. तो बहुधा उपकरणाच्या मागील चिठ्ठीवर छापलेला असतो. राउटरवरील चिठ्ठीचा फोटो काढून ठेवावा. इंटरनेट कंपनीने जोडणीसाठी वापरकर्ता नाव व पासवर्ड दिला असल्यास तोही लिहून ठेवावा.

मांडणीची कृती

१) फोन किंवा संगणक वाय-फायला जोडावा. फोनवरील मोबाईल डेटा बंद करावा, अन्यथा राउटरचे पान काही वेळा उघडत नाही.

२) ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकावा. बहुतेक राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. जिओच्या घरगुती फायबर राउटरचा पत्ता १९२.१६८.२९.१ असा असतो. फोनच्या वाय-फाय माहितीत 'गेटवे' या शब्दापुढे दिसणारा पत्ता तोच राउटरचा पत्ता समजावा.

३) चिठ्ठीवरील नाव व पासवर्ड वापरून आत जावे आणि राउटरच्या पानाचा हा पासवर्ड लगेच बदलावा. हा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो व वेगळाच ठेवावा.

४) 'लॅन' किंवा 'लोकल नेटवर्क' हे पान उघडावे. राउटरचा पत्ता व सबनेट मास्क आहे तसाच ठेवावा. तो बदलण्याचे कारण एकच : राउटरच्या वर कंपनीचे दुसरे यंत्र असून दोघांचेही पत्ते एकाच मालिकेतील असणे. अशा वेळी आपल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.५.१ असा काहीतरी वेगळा करावा. बदल जतन केल्यावर फोनची जोडणी तुटते. ती पुन्हा जोडून नव्या पत्त्यावर पान उघडावे.

५) डीएचसीपी चालू ठेवून वाटपाची सुरुवात १०० व शेवट १९९ असा भरावा. यामुळे शंभर पत्ते फोन व पाहुण्यांसाठी राहतात आणि २ ते ९९ हे पत्ते राउटर आपणहून कोणालाही देत नाही.

६) 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' या पानावर प्रत्येक स्थिर उपकरणाचा मॅक क्रमांक व त्याला द्यावयाचा पत्ता भरावा. काही राउटरमध्ये या सोयीला 'स्टॅटिक लीज' किंवा 'आयपी-मॅक बाइंडिंग' असे नाव असते. काही राउटर वाटपाच्या मालिकेबाहेरील पत्ता राखून ठेवू देत नाहीत. तेथे १०० ते १९९ मधीलच पत्ते राखावेत. राखलेला पत्ता राउटर इतर कोणास देत नाही.

७) उपकरणाच्या सेटिंगमध्ये पत्ता 'आपोआप घ्यावा' असेच ठेवावे. राखीव पत्ता राउटरमध्ये एकाच ठिकाणी नोंदविणे हे प्रत्येक उपकरणात जाऊन पत्ता भरण्यापेक्षा सोयीचे ठरते.

८) सर्व बदल जतन करून 'बॅकअप' घ्यावा. पूर्ण तक्ता वहीत उतरवावा.

तक्ता : पत्त्यांच्या मांडणीचा नमुना (पहिले तीन आकडे १९२.१६८.१)

| शेवटचा आकडा | वापर |
|---|---|
| १ | मुख्य राउटर |
| २ ते ९ | इतर राउटर व जोडणीची यंत्रे |
| १० ते २९ | पंप नियंत्रक, ठिबक व्हॉल्व्ह |
| ३० ते ५९ | कॅमेरे व चित्रण साठविणारे यंत्र |
| ६० ते ७९ | तापमान, आर्द्रता व ओलावा मोजणारी उपकरणे |
| १०० ते १९९ | फोन, टी.व्ही., पाहुणे (आपोआप वाटप) |

गोठ्यात किंवा विहिरीवर दुसरा राउटर

घरापासून गोठा दूर असल्यास जुना राउटर तेथे बसविण्याची पद्धत आहे. दोन्ही राउटर पत्ते वाटू लागले तर एका गावात दोन तलाठी वेगवेगळ्या नोंदी करीत असल्यासारखी स्थिती होते. त्याकरिता दुसऱ्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करावा, त्यातील डीएचसीपी बंद करावे आणि मुख्य राउटरकडून आलेली केबल त्याच्या 'वॅन' छिद्रात न लावता 'लॅन' छिद्रात लावावी. पत्ते वाटण्याचे काम एकट्या मुख्य राउटरकडेच राहू द्यावे.

तांब्याची नेटवर्क केबल एका टप्प्यात १०० मीटरपर्यंतच वापरावी. उघड्यावरून जाणाऱ्या अशा केबलमधून विजेच्या कडकडाटात दाब येऊन दोन्ही टोकांची यंत्रे जळू शकतात. अंतर जास्त असल्यास धातूची तार नसलेली फायबर केबल अधिक सुरक्षित असते.

लहरींची निवड

राउटरमधून २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन प्रकारच्या लहरी निघतात. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण पल्ला कमी असतो. शेतीची बहुतेक उपकरणे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. म्हणून ती बंद करू नये. २.४ मध्ये १, ६ व ११ या वाहिन्या एकमेकींत मिसळत नाहीत. दोन राउटर असल्यास दोघांना यापैकी वेगवेगळ्या वाहिन्या द्याव्यात.

पत्र्याची भिंत लहरी अडविते. पानांतील पाणीही लहरी शोषून घेते. उन्हाळ्यात मोकळ्या रानातून विहिरीपर्यंत मिळणारी जोडणी ऊस किंवा केळी डोक्यावर गेल्यावर तुटू शकते. अँटेना पिकाच्या पूर्ण वाढीच्या उंचीपेक्षा वर बसवावी.

सुरक्षिततेच्या बाबी

२०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते. त्यांचे कारखान्यातील पासवर्ड मालकांनी बदललेले नव्हते, एवढेच त्यास पुरले. आपल्या पंपाचा नियंत्रकही त्याच प्रकारचे यंत्र आहे, हे विसरू नये.

१) प्रत्येक कॅमेरा व नियंत्रकाचा मूळ पासवर्ड बदलावा.

२) वाय-फायसाठी 'डब्ल्यूपीए-२' किंवा 'डब्ल्यूपीए-३' हीच पद्धत निवडावी. 'डब्ल्यूईपी' ही जुनी पद्धत २००१ पासूनच फोडता येते, ती वापरू नये.

३) पाहुणे, व्यापारी व कामगार यांच्यासाठी 'गेस्ट नेटवर्क' वेगळे ठेवावे व त्यातून अंतर्गत उपकरणे दिसू देऊ नयेत.

४) 'रिमोट मॅनेजमेंट' व 'डब्ल्यूपीएस' बंद ठेवावे. 'पोर्ट फॉरवर्डिंग' करून कॅमेरा थेट इंटरनेटवर उघडा करू नये. ॲपवर चालणारी बहुतेक उपकरणे स्वतःच बाहेर जोडणी करतात, त्यांना त्याची गरज नसते.

५) पंप, स्टार्टर किंवा केबलवर काम करताना ॲपवरील 'बंद' वर विसंबून राहू नये. घरातील दुसरी व्यक्ती फोनवरून किंवा नियंत्रक ठरलेल्या वेळी आपोआप पंप चालू करू शकतो. मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवावेत.

शेवटची तपासणी

मांडणी झाल्यावर दिवसा एकदा मुद्दाम राउटर व सर्व उपकरणे बंद करावीत. दहा मिनिटांनी सर्व एकाच वेळी चालू करावीत. प्रत्येक उपकरण वहीतील पत्त्यावरच आले आहे का, ते राउटरच्या पानावरील यादीत पाहावे. जेथे शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते तेथे ही तपासणी अत्यंत आवश्यक आहे. राउटरला लहान बॅटरी जोडल्यास तो वारंवार बंद पडत नाही.

नेहमीचे दोष व उपाय

* संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो : राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. डीएचसीपी व केबल तपासावी.
* नवे उपकरण जोडले जात नाही : २.४ गिगाहर्ट्झ चालू आहे का ते पाहावे. फक्त 'डब्ल्यूपीए-३' निवडले असल्यास 'डब्ल्यूपीए-२' सह मिश्र पद्धत निवडावी.
* दोन उपकरणे आळीपाळीने बंद पडतात : दोघांचा पत्ता एकच असावा. यादी पाहून एकाचा बदलावा.
* काहीच सुचत नाही म्हणून मागील छिद्रातील 'रीसेट' बटण दाबू नये. त्यामुळे कंपनीची जोडणीसुद्धा पुसली जाते.

इंटरनेट केव्हाही बंद पडू शकते. म्हणून पाण्याचे वेळापत्रक स्वतःत साठविणाराच नियंत्रक घ्यावा. पंपाला कोरडा चालण्यापासून संरक्षण असावे व हाताने चालू करण्याचा स्विच कायम ठेवावा. एवढी काळजी घेऊन पत्त्यांची मांडणी केल्यास वीज गेली-आली तरी पंप, ठिबक संच व कॅमेरे आपापल्या जागी राहतील आणि पिकाची पाण्याची पाळी चुकणार नाही. पत्त्यांची वही मात्र जमिनीच्या कागदांइतकीच जपून ठेवावी व नवे उपकरण आले की त्याच दिवशी तिच्यात नोंद करावी.