अपडेटनंतर संगणक सुरू होत नाही? घाबरू नका, पण फॉरमॅटची घाईही करू नका!



आज थोडा वेगळा पाठ घेऊन आले आहे. हा पाठ मी आधी स्वतः चुकून शिकले आणि मग मुलांना शिकवला.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पासली म्हणजे वेल्ह्याहून केळदकडे जाताना लागणारं डोंगरातलं गाव. पावसाळ्यात इथे दिवस दिवस सूर्य दिसत नाही आणि लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. शनिवारची सकाळची शाळा सुटत होती. संगणकाच्या पडद्यावर "अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका" अशी सूचना आली होती. ठिपके गोल गोल फिरत होते आणि आकडा तीस टक्क्यांवर अडला होता. बाहेर धो धो पाऊस, घरी जायची घाई. दहा मिनिटं वाट पाहिली आणि भिंतीवरचं बटण सरळ बंद केलं. चूक माझीच!

सोमवारी संगणक लावला. कंपनीचं चिन्ह आलं, ठिपके फिरले, पडदा काळा झाला आणि पुन्हा चिन्ह. असं चार-पाच वेळा झालं. तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, संगणक मेला का?"

मला हसू आलं नाही. कारण त्या संगणकात मुलांचे आवाज होते. दर तीन महिन्यांनी मी प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करते आणि ते संगणकात ठेवते. पहिलीत अक्षर अक्षर जुळवत वाचणारं मूल चौथीत कसं सलग वाचतं, हे पालकसभेत ऐकवते. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिला प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीपेक्षा हे जास्त कळतं. चार वर्षांची ती रेकॉर्डिंग फक्त त्या एका संगणकात होती. मोबाईल भरला म्हणून त्यातली मीच पुसून टाकली होती.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काही नाही मॅडम, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो. दोन तासांचं काम." मी विचारलं, "आणि आतलं?" "आतलं जाईल."

तिथेच मी थांबले. आजच्या पाठाचं सारही तेच आहे: संगणक सुरू न होणे आणि आतली माहिती नष्ट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपडेटमुळे बहुतेक वेळा पहिलीच घडते. दुसरी घडते ती नंतर आपण केलेल्या घाईमुळे.

१. संगणक "सुरू होतो" म्हणजे नेमकं काय होतं?

आपली शाळा कशी भरते ते आठवा. आधी कुलूप उघडतं, मग घंटा, मग परिपाठ, मग हजेरी आणि नंतर तास. संगणकाचंही तसंच असतं.

- वीज पोहोचणे: पंखा फिरतो, दिवा लागतो.
- स्वतःची तपासणी: मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम (बायोस किंवा युईएफआय) रॅम, डिस्क, कीबोर्ड जागेवर आहेत का ते पाहतो. यानंतर कंपनीचं चिन्ह दिसतं.
- विंडोजला हाक: डिस्कवरचा बूट लोडर विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, रॅममध्ये आणतो.
- ड्रायव्हर आणि सेवा सुरू होणे: ठिपके फिरतात ते याच वेळी.
- लॉगिनचा पडदा.

गाडी कोणत्या टप्प्यावर अडली हे ओळखलं की अर्धं काम झालं. पंखाच फिरत नसेल तर दोष विजेचा, केबलचा किंवा पॉवर सप्लायचा असण्याची शक्यता जास्त. पंखा फिरतो, पण चिन्ह येत नाही आणि बीप-बीप आवाज येतो, तर रॅम पाहावी. चिन्ह येऊन पुढे अडलं किंवा निळा पडदा आला, तर अपडेटवर संशय घ्यायला जागा आहे. अपडेट विंडोजच्या फाईली आणि ड्रायव्हर बदलतं, म्हणून त्याचा बिघाड सहसा तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर दिसतो.

२. सगळ्या जगाला अडवणारं एक अपडेट

"आपण खेड्यातले, आपल्यालाच जमत नाही" असं वाटत असेल, तर १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. त्या सकाळी मुंबईसह देशातल्या अनेक विमानतळांवर संगणक निळे पडले. काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, अनेक विमानं रद्द झाली. परदेशात तर रुग्णालयं, बँका आणि टीव्ही वाहिन्याही अडल्या.

तो सायबर हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक छोटी फाईल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर पाठवली गेली होती. तिच्यात दोष होता. आपल्या भाषेत सांगायचं तर हजेरीपटावर वीस नावं आणि नव्या सूचनेत एकविसाव्या क्रमांकाला हाक! नसलेली गोष्ट वाचायला गेल्यामुळे सॉफ्टवेअर कोसळलं. ते विंडोजच्या गाभ्यात काम करत असल्याने सगळा संगणकच कोसळला. संगणक पुन्हा लावला की सुरू होतानाच तीच फाईल वाचली जायची आणि पुन्हा निळा पडदा.

१० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीने ती फाईल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक अडकले होते. दुरुस्त फाईल घ्यायला संगणक आधी सुरू तर व्हायला हवा! म्हणून बहुतेक ठिकाणी माणसाने एकेका यंत्रापाशी बसून ते सेफ मोडमध्ये सुरू केलं आणि ती एक फाईल काढून टाकली.

यात आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. एक, उपाय फॉरमॅट हा नव्हता, दोषी असलेली एकच फाईल काढणं हा होता. दुसरी, ज्या संगणकांच्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप होतं, त्यांना आधी ४८ अंकी किल्ली लागत होती. ज्यांनी ती नीट जपून ठेवली नव्हती, त्यांचं काम जास्त रखडलं.

३. आता आपल्या संगणकाकडे वळू

खालच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. क्रम सोडू नका.

पायरी १: थांबा. अपडेट खरंच अडलंय की हळू चाललंय ते पाहा. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. जुनी हार्ड डिस्क असेल तर मोठ्या अपडेटला काही तास लागू शकतात. मी दहा मिनिटं थांबले, तुम्ही निदान दोन-तीन तास थांबा.

पायरी २: बाहेरचं सगळं काढा. पेनड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम काढा. फक्त कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर ठेवा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून संगणक बंद करा, केबल काढा, थोड्या वेळाने पुन्हा लावा.

पायरी ३: दुरुस्तीचा निळा पडदा आणा. दोन-तीनदा सुरुवात फसली की विंडोज बहुधा स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर जातं. नाही गेलं, तर चिन्ह दिसून ठिपके फिरू लागताच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केल्यावर तो पडदा येतो. तिथे "ट्रबलशूट" आणि मग "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" निवडा. हा उपाय फक्त इथेच वापरायचा. चालू अपडेटमध्ये असं करायचं नाही!

पायरी ४: आधी माहिती बाहेर काढा. ही पायरी बऱ्याच जणांना माहीत नसते. "कमांड प्रॉम्प्ट" उघडा, इंग्रजीत नोटपॅड टाइप करून एंटर दाबा. नोटपॅडमध्ये फाईल आणि मग ओपन. खाली "टेक्स्ट" ऐवजी "ऑल फाईल्स" निवडा. आता तुमच्या सगळ्या ड्राइव्ह दिसतील. त्यांची अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणून आत डोकावून खात्री करा. हव्या त्या फोल्डरवर उजवी क्लिक करून कॉपी करा आणि पेनड्राइव्हवर पेस्ट करा. किती काम झालं हे पडद्यावर दिसत नाही, अडकल्यासारखं वाटतं. वाट पाहा. डिस्कला कुलूप असेल तर आधी तीच ४८ अंकी किल्ली लागेल. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल तर बहुधा त्या खात्यात ती साठवलेली असते आणि मोबाईलवरूनही पाहता येते.

पायरी ५: आता दुरुस्ती, एका वेळी एकच. या क्रमाने जा:

- "स्टार्टअप रिपेअर"
- "अनइन्स्टॉल अपडेट्स": आधी लहान, म्हणजे "क्वालिटी अपडेट". मोठं "फीचर अपडेट" मागे घ्यायला साधारणपणे दहाच दिवसांची मुदत असते.
- "सिस्टीम रिस्टोअर": आधीच्या तारखेची नोंद असेल तरच उपयोगी.
- "स्टार्टअप सेटिंग्ज" मधून सेफ मोड: यात मोजकेच ड्रायव्हर सुरू होतात. सेफ मोड चालला तर नव्याने आलेला ड्रायव्हर किंवा प्रोग्राम काढून पाहा.

पायरी ६: सगळ्यात शेवटी रीसेट. त्यातही "कीप माय फाईल्स" आणि "रिमूव्ह एव्हरीथिंग" असे दोन पर्याय असतात. वाचल्याशिवाय बटण दाबू नका. पहिल्या पर्यायातही फाईली राहतात, पण टाकलेले प्रोग्राम जातात.

आणि एक पावसाळी सूचना. कधी कधी दोष अपडेटचा नसतोच. आपल्याकडच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर बसतो. केबल काढून, आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावून, रॅम बाहेर काढावी, पट्टी साध्या खोडरबरने हलकेच पुसावी आणि "टक" आवाज येईपर्यंत परत बसवावी. अपडेट आणि हा बिघाड एकाच दिवशी आले की आपण अपडेटला दोष देत बसतो.

४. आमच्या संगणकाचं काय झालं?

स्टार्टअप रिपेअरने हात टेकले. मग मी नोटपॅडच्या वाटेने रेकॉर्डिंगचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. त्याला पाऊण तास लागला. पेनड्राइव्ह दुसऱ्या शिक्षकांच्या लॅपटॉपला लावून पहिलीच फाईल वाजवली आणि मगच पुढे गेले. क्वालिटी अपडेट काढलं. बराच वेळ काळा पडदा आणि मग लॉगिन! शनिवारी अर्धवट राहिलेला एक तक्ता तेवढा गेला, तो पुन्हा भरला.

मुलं खिडकीशी जमली होती. त्या तिसरीतल्या मुलीला म्हटलं, "मेला नव्हता गं. परिपाठाला उभा राहिला आणि तिथेच अडकला."

५. मुलांसोबत घ्यायची कृती: "बिघाड कुठे?" (इयत्ता तिसरी-चौथी)

संगणक नसला तरी चालेल. सेलवर चालणाऱ्या एकसारख्या दोन विजेऱ्या घ्या. एक चालू, दुसरीत मुद्दाम एक संपलेला सेल घाला. मुलांना सांगा, "एका वेळी एकच वस्तू बदलायची." वहीत तीन रकाने करा: *काय पाहिलं, काय बदललं, काय झालं.*

आमच्याकडे पहिल्या गटाने सगळे सेल एकदम बदलले. विजेरी लागली, मुलं खूश. मी विचारलं, "मग खराब सेल कोणता?" कुणालाच सांगता येईना. दुसऱ्या गटाने एकेक बदलला, वेळ जास्त लागला, पण खराब सेल हातात दाखवला. फॉरमॅट आणि दुरुस्तीतला फरक मुलांना इथेच कळतो. परिसर अभ्यासातलं निरीक्षण, गणितातली नोंद आणि भाषेतलं क्रमाने सांगणं, तिन्ही एका तासात होतं.

६. अपडेट करण्याआधी (पालकांनीही भिंतीवर लावावे)

- महत्त्वाच्या माहितीची एक प्रत दुसऱ्या जागी हवीच. एकच प्रत म्हणजे प्रत नव्हे. ती उघडून पाहिल्याशिवाय खरी मानू नका.
- शाळा सुटताना किंवा पाऊस-वारा असताना अपडेट सुरू करू नका. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा.
- बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा, त्याच संगणकात नको.
- अपडेट कायमचं बंद करू नका. सुरक्षेच्या त्रुटी त्यातूनच बुजतात. वेळ आपण ठरवायची, एवढंच.
- दुरुस्तीला देताना आधी विचारा: "आतली माहिती आधी काढून द्याल का?" उत्तर "नाही" आलं तर दुसरीकडे चौकशी करा.

आता आमच्याकडे दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चौथीची दोन मुलं माझ्यासोबत बसून पेनड्राइव्हवर प्रत घेतात आणि वहीत तारीख लिहितात. संगणक पुन्हा कधीतरी अडेल, पण मुलांचे आवाज दुसऱ्या जागीही असतील.