सह्या नकोत, माणसं आण

(अण्णा ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झाले. स्वाती त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. ऑगस्टमधली संध्याकाळ, अण्णांची पडवी.)

स्वाती : अण्णा, बघा, २१२ सह्या झाल्या. मळ्यातलं एक घर सोडलं नाही. उद्या ग्रामपंचायतीत अर्ज देते. आता तरी वस्तीचा रस्ता होईल ना?

अण्णा : दोन पानं लिहिलीस आणि वर ‘विषय’ लिहिलाच नाहीस. कारकून हा अर्ज कुठल्या फायलीला लावणार?

स्वाती : लिहिते. पण रस्ता होईल ना?

अण्णा : सह्यांनी होणार नाही. अमुक इतक्या गावकऱ्यांनी सह्या केल्या की काम मंजूर, असं ग्रामपंचायतीच्या कायद्यात कुठेच नाही. कामाला लागतो ग्रामसभेचा ठराव, आणि तिथे समोर बसलेली माणसं मोजतात.

स्वाती : म्हणजे या २१२ सह्या फुकट?

अण्णा : फुकट नाहीत. अर्ज म्हणून दे, पोहोच घे, आवक क्रमांक टाकून घे. पण सहीच मोजायची असेल तर तो कायदा वेगळा. दारूचं दुकान बंद करायचं असेल तर २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांवर मतदान मागता येतं. अधिकारी सह्या पडताळतात, मग उभी बाटली की आडवी. आणि तिथेही आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. मतदानाला न आलेली बाई दुकानाच्याच बाजूनं धरली जाते. किती गावांत...

स्वाती : अण्णा, आपल्याला दारू नको, रस्ता हवाय.

अण्णा : बरं. मग ग्रामसभा. वर्षाला किमान चार घ्याव्याच लागतात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी असेल तो आकडा. आपले मतदार साधारण २,४००. त्याचे १५ टक्के ३६०. म्हणजे १०० पुरे. आता तुझा कागद परत बघ.

स्वाती : २१२ आहेत. म्हणजे आमची वस्ती आली तरी...

अण्णा : निम्मी आली तरी सभा भरली! पण येतात कुठे? ३१ वर्षं नोकरी केली मी. २६ जानेवारीला झेंडावंदनाला शाळेचं पटांगण भरायचं. जिलेबी वाटून झाली की सभेला उरायचो सरपंच, मी आणि शिपाई. मग हजेरीचं रजिस्टर घरोघर फिरवून सह्या. होय, मीही फिरवलंय, लाज वाटते सांगायला. आता तू सह्या घेऊन आलीस ना, तर तेच आठवलं. आणि गावाचं काय बिघडलं की शिव्या ग्रामसेवकाला. २०२४ मध्ये पदाचं नाव बदलून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केलं म्हणे. आम्ही घरी बसल्यावर सुचलं यांना.

स्वाती : आणि १०० जण नाही जमले तर?

अण्णा : सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तिथे नवा विषय घेता येत नाही. म्हणून रस्ता मूळ विषयपत्रिकेवरच यायला हवा. आयत्या वेळच्या विषयावर विसंबू नकोस.

स्वाती : आम्हीच खास ग्रामसभा मागितली तर? या सह्यांवर?

अण्णा : फिरून सह्यांवरच आलीस. सरपंच आपणहून खास सभा बोलावू शकतो. पण त्याला बोलवावीच लागेल अशी मागणी करायचा अधिकार कायद्यानं दिलाय तो पंचायत समितीला, जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीला आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. त्या यादीत गावकरी नाहीत. मला विचारशील तर ही कायद्यातली उणीव आहे. तुझा कागद घेऊन पंचायत समितीत जाता येईल, तिथे त्याचं वजन पडेल. पण साधी सभा तोंडावर असताना कशाला?

स्वाती : आणि पैसे कुठून येणार?

अण्णा : गावच्या विकास आराखड्यातून. काम आराखड्यात नसेल तर निधी नाही. २ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याची गडबड सुरू होते, त्याच्या आधी ठराव हातात हवा. पण त्याहून मोठी गोष्ट तू विचारलीच नाहीस. हा रस्ता आहे कुणाचा?

स्वाती : कुणाचा म्हणजे? आमचा. आजोबांच्या वेळेपासून बैलगाड्या जातात.

अण्णा : नमुना २३ ला नोंद आहे का? ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची ती नोंदवही. तिथे नाव नसेल तर ठराव होऊनही अभियंता अंदाजपत्रक करणार नाही. खाजगी शेतातून गेलेल्या वाटेवर सरकारी खडी पडत नाही. वाट ज्यांच्या बांधावरून जाते त्यांची लेखी संमती आण, मग नोंद. किती जणांची शेतं आहेत?

स्वाती : चौघांची. तिघांनी यावर सही केलीय.

अण्णा : आणि चौथा?

स्वाती : ...त्यांच्याकडे गेलेच नाही. बाबांचं आणि त्यांचं बोलणं नाही.

अण्णा : म्हणजे २१२ जणांना भेटलीस आणि जो एक हवा होता तो सोडलास.

स्वाती : पण समजा सगळं जमलं, आणि इतिवृत्तात आमचा ठराव लिहिलाच नाही तर?

अण्णा : उठायच्या आधी ठराव मोठ्यानं वाचून घ्यायला लावा. दुसऱ्या दिवशी प्रत मागा. आणि सभेच्या आधी महिलांची वेगळी सभा होते, तिथे बायकांना घेऊन जा. एकच विषय दोन सभांच्या कागदांवर आला की गाळणं अवघड जातं.

स्वाती : १५ ऑगस्टच्या सभेत जमेल?

अण्णा : सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. म्हणजे आठ तारखेला फलकावर विषय लागलेले असतील. आज पाच आहे. उद्या अर्ज दे. चौथ्याकडे मात्र आत्ताच जा, तो आठला झोपतो.