एका क्लिकचे किती मिळाले?

कॉलेजच्या दिवसांत जाहिराती बघून पैसे देणाऱ्या साइट्सवर मी बऱ्याच संध्याकाळी घालवल्या. काही साइट्सनी पैसे दिले, काही एका रात्रीत गायब झाल्या. हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी ‘ही साइट खरी आहे का रे?’ असं विचारतं. त्यांना जे सांगतो, ते इथे सांगतो.

१. आधी हिशेब मांडा. साध्या जाहिरातीला बहुतेक ठिकाणी सेंटचा दहावा हिस्सा मिळायचा. दिवसाला वीस जाहिराती, म्हणजे दोन सेंट. आजच्या भावाने दोन रुपयेसुद्धा नाहीत. दोन डॉलर जमल्याशिवाय पैसे काढता येणार नसतील, तर शंभर दिवस थांबा. हा दर कंजूष वाटेल, पण प्रामाणिक साइटचा दर साधारण असाच असतो.

२. पैसा येतो कुठून, हे विचारा. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. जाहिरात न वाचता नुसतं घड्याळाकडे बघत बसणाऱ्या माणसासाठी कुठला जाहिरातदार क्लिकमागे पाच रुपये मोजेल? नोएडाची ‘सोशल ट्रेड’ मोजत होती. त्यासाठी आधी ५,७५० ते ५७,५०० रुपयांचं पॅकेज घ्यावं लागे. फेब्रुवारी २०१७मध्ये उत्तर प्रदेशच्या एसटीएफने धाड घातली, तेव्हा सुमारे ३,७०० कोटींचा घोटाळा असल्याचं पोलिसांनी सांगितलं. जुन्या सभासदांना नव्या सभासदांच्या पैशातून वाटप चाललं होतं. अमेरिकेतल्या ‘ट्रॅफिक मॉन्सून’चीही तीच गत. पन्नास डॉलरचं ‘अ‍ॅडपॅक’ घ्या, रोज ठरावीक जाहिरातींवर क्लिक करा आणि पंचावन्न डॉलरपर्यंत परत मिळवा. २०१६मध्ये तिथल्या शेअर बाजार नियामकाने तिला कोर्टात खेचलं. कंपनीची जवळजवळ सगळी कमाई या पॅकच्या विक्रीतूनच होती.

३. पैसे मिळाले, हा पुरावा नव्हे. आमच्या ग्रुपवर ‘पेमेंट प्रूफ’चे स्क्रीनशॉट धडाधड पडायचे आणि ते खरेही असायचे. अशा योजनेला सुरुवातीला पैसे द्यावेच लागतात, नाहीतर पुढचं गिऱ्हाईक येणार कसं? आता हाच खेळ टेलिग्रामवर चालतो. व्हिडिओ लाइक करा, पन्नास रुपये घ्या. तीन लाइकचे दीडशे खरोखरच यूपीआयवर येतात. मग ‘प्रीपेड टास्क’ सुरू होतो, म्हणजे आता पैसे तुम्ही भरायचे. यात पुण्यातले शिकलेसवरलेले, आयटीत नोकरी करणारे लोकही फसले आहेत.

४. भाड्याच्या रेफरलच्या, म्हणजे साइटला भाडं देऊन दुसऱ्यांच्या क्लिकमधला वाटा घेण्याच्या, वाटेला जाऊ नका. आपल्या हाताखाली क्लिक करणारी माणसं आहेत की यंत्रं, हे कळायला मार्ग नसतो. भाडं मात्र दर महिन्याला जातं.

५. पैसे काढायचे नियम नाव नोंदवण्याआधी वाचा. किमान रक्कम मध्येच वाढवणारी, किंवा पैसे मागितले की ‘अपग्रेड करा’ म्हणणारी साइट तिथेच सोडा. ईमेल वेगळा ठेवा आणि पासवर्डही. ओटीपी मागितला तर प्रश्नच मिटला.

६. राहता राहिला वेळ. साइट अगदी सचोटीची असली तरी माझं मत ‘नको’ असंच आहे. तेवढ्या वेळात शेजारच्या पोराची गणिताची शिकवणी घेतलीत, तर पहिल्याच महिन्यात वर्षभराच्या क्लिकपेक्षा जास्त हाती पडेल.

आणि कुणाचे पैसे गेलेच असतील, तर लाजत बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी ती रक्कम बँकेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त.