टर्बोची गाडी घेताय? आधी फाईल मागा

सेकंडहँड बाजारात टर्बो पेट्रोलची सेडान एवढी स्वस्त कशी, हा प्रश्न घेऊन वाकोल्यातल्या आमच्या गल्लीतले बरेच जण माझ्याकडे येतात. दारात तशीच एक उभी असते ना! २०११ची फिएट लिनिया टी-जेट. मी उत्तराऐवजी विचारतो, "गाडीची बिलं आहेत का?" बहुतेक वेळा ऐकायला मिळतं, "काका, गाडी एकदम टकाटक आहे, सिंगल हँड वापरलेली." म्हणजे बिलं नाहीत.

लिनिया भारतात २००९ साली आली, टी-जेट त्याच्या पुढच्या वर्षी. पुण्याजवळ रांजणगावला टाटा आणि फिएटच्या भागीदारीतल्या कारखान्यात ती बनायची. इंजिन १३६८ सीसीचं, ११४ अश्वशक्ती, टॉर्क २०७ न्यूटन-मीटर. त्या वेळच्या होंडा सिटीचं दीड लिटरचं इंजिन ११८ अश्वशक्तीचं होतं, पण टॉर्क १४६. चार माणसं, डिक्कीत गणपतीचं सामान आणि समोर कशेडी घाट असला, की हा फरक कागदावर राहत नाही. लिनिया बंद झाली, फिएटने इथला गाशा गुंडाळला, आणि भाव कोसळले. पण मी जे सांगणार आहे ते लिनियापुरतं नाही. टाटा झेस्ट, व्हेंटो टीएसआय, व्हर्ना टर्बो, आणि २०२२ नंतरच्या व्हर्टुस-स्लाव्हिया आता सेकंडहँडला येऊ लागल्यात, त्याही याच नियमाने तपासायच्या.

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुरावर फिरणारा पंखा. त्याच्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. यात फुकट काही नाही. तो दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो आणि पेट्रोल गाडीत त्याच्या एका बाजूचा धूर ९०० अंशांच्या आसपास तापलेला असतो. दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये असतो फक्त ऑइलचा एक पातळ थर. ते ऑइल जुनं झालं, काळं पडलं, की बारीक नळीत जळून कोळशासारखं चिकटतं. नळी हळूहळू बुजते आणि टर्बो तहानेने मरतो. साधं पेट्रोल इंजिन ऑइलच्या बाबतीत वर्षानुवर्षं माफ करतं. टर्बो करत नाही, आणि करत नाही हे लगेच सांगतही नाही. हयगय एकाच्या हातून होते, बिल दुसऱ्याच्या हातात पडतं.

त्यात मुंबईचा हिशेब आणखी वेगळा. सर्व्हिस पुस्तकात किलोमीटर लिहिलेले असतात, ऑइल मात्र तासांनी झिजतं. हायवेवर ताशी पन्नासच्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे २०० तास. वाकोला पूल, कलिना, बीकेसी या रहाटगाडग्यात सरासरी पंधराची धरली तर तेच १०,००० किलोमीटर म्हणजे साडेसहाशे तासांच्या वर इंजिन चालू. म्हणून शहरात वापरलेल्या टर्बो गाडीचं कमी रनिंग बघून हुरळून जाऊ नये. पुस्तकातल्या अंतराच्या निम्म्यावर ऑइल आणि फिल्टर बदलणारा मालक मिळाला, तर त्याची लाखभर चाललेली गाडी मी चाळीस हजारांच्या चकचकीत गाडीआधी घेईन. आणि मीटर मागे फिरवता येतो हे तर वाकोल्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

माझी गाडी सापडण्याआधी हायवेलगतच्या एका विक्रेत्याकडे अशीच एक चकचकीत सेडान पाहिली होती. आत परफ्यूमचा घमघमाट. आमचे मेकॅनिकदादा बॉनेटकडे गेलेच नाहीत. मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढत राहिले, अगदी शेवटपर्यंत, जिथवर तो रोजच्या वापरात कधी येत नाही. वरचा पट्टा काळाकुळकुळीत, आणि शेवटच्या वीतभर भागावर चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ, तिच्याखाली बारीक माती. मग त्यांनी स्टेपनी उचलली. खालच्या खळग्यात गंज. पुढच्या सीटचे रूळ बोटाने चाचपले, बोट लाल झालं. "साहेब, ही पोहून आलीय," म्हणाले आणि उतरले. विक्रेता शेवटपर्यंत म्हणत होता, गाडी एका डॉक्टरांची आहे.

आपल्या भागात हे सांगायची खरं तर गरज पडू नये. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि वाकोला नाला, मिठी नदी, कलिना एक झाले. तेवढा पाऊस रोज येत नाही. पण नाल्याकडेला उभ्या गाड्यांच्या दरवाजाला पाणी लागायला त्याच्या पावपट पाऊसही पुरतो, आणि बुडालेल्या गाड्या सप्टेंबर-ऑक्टोबरात धुऊन-पुसून बाजारात येतात. त्या दोन महिन्यांत गाडी बघायची असेल तर सीटबेल्ट ओढल्याशिवाय किमतीची भाषा बोलू नका.

माझी लिनिया मुलुंडच्या एका निवृत्त गृहस्थांकडची. त्यांनी चहाआधी फाईल पुढे केली. ऑइलची बिलं, ब्रेक, बॅटरी, सगळं तारीखवार. मधली दोन वर्षं कोरी. दादांनी पानं मागेपुढे केली आणि विचारलं, "काका, ही दोन वर्षं कुठे गेली?" त्या काळात गाडी त्यांच्या मुलाकडे होती, आणि मुलगा पेट्रोल सोडून काही घालत नसे. गृहस्थ खरं बोलले. दादांनी मला बाजूला घेऊन हिशेब मांडला: गाडी चांगली आहे, बॉडी सरळ आहे, पण टर्बोवर या दोन वर्षांचं कर्ज आहे, ते कधीतरी वसूल होणार. तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या आणि वेगळे ठेवा. काका तयार झाले.

कर्ज दुसऱ्या पावसाळ्यात वसूल झालं. वाकोला पुलावरून उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला होता. खाली येऊन पुन्हा दाबला तेव्हा आरशात निळसर धुराचा एक लोट दिसला आणि मागच्या रिक्षावाल्याने शिव्या घातल्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी गार इंजिनावर जरासा आणि मग बंद झाला, तर बहुतेक व्हॉल्व्ह सील. उतार संपवून पाय दाबल्यावर लोट आला, तर सीलबरोबर टर्बोवरही संशय घ्यायचा. दादांनी टर्बोची रबरी नळी काढून आत बोट घातलं. ऑइलचा पातळ ओशटपणा चालतो, इथे बोटावरून थेंब ओघळला. मग पंख्याचा दांडा चिमटीत धरून हलवला. तो बाजूला हलला आणि पंखा कडेला घासला. तपास संपला.

इथून पुढे लोक जिथे फसतात तो भाग. पर्याय तीन असतात: नवा टर्बो, जुन्याच खोक्यात नवा कोअर (म्हणजे आतला दांडा-बेअरिंगचा गाभा), नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातून काढलेला. तिसरा सगळ्यात स्वस्त. पण ज्या गाडीतून तो काढला तिची फाईल आपण कुठे पाहिलीय? मी कोअर बदलला आणि बदलणाऱ्याकडून मशीनवर बॅलन्स केल्याचा रिपोर्ट मागून घेतला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टर्बोला ऑइल नेणारी नळी नवी घातली. जुन्या नळीत काडीसुद्धा सरकत नव्हती. कित्येक ठिकाणी नवा टर्बो बसवतात, नळी तीच ठेवतात, इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल तसंच राहतं, आणि सहा महिन्यांत गिऱ्हाईक "पार्ट डुप्लिकेट निघाला" म्हणत परत येतं. नवी नळी, साफ केलेला इंटरकूलर, नवं ऑइल-फिल्टर, आणि इंजिन पेटण्याआधी टर्बोत ऑइल भरून घेणं, या चार गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. गॅरेजवाला तोंड वाकडं करेल, करू द्या.

पार्टच्या बाबतीत फिएटवाल्यांना मुंबईत थोडा आधार आहे. प्रीमियर पद्मिनी इथेच कुर्ल्यात बनायची, तेव्हापासून या पट्ट्यात फिएट जाणणाऱ्यांची परंपरा आहे. पद्मिनीत टर्बो नव्हता हे मान्य, पण कुठल्या गल्लीत कोणता सामानवाला बसतो हे ज्ञान वारशाने चालत आलंय. इथून गेलेल्या कंपनीची गाडी घेताना आधी असा मेकॅनिक शोधावा, मग गाडी.

गाडी बघायला जाल तेव्हा आदल्या दिवशी मालकाला बजावा: आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी जा, कारण गार इंजिनच खरं बोलतं. ऑइलचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. डांबरासारखा गाळ दिसला तर निघा. मग रिकाम्या रस्त्यावर, म्हणजे आपल्याकडे पहाटेच्या हायवेवर, तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगापासून पूर्ण दाबून बघा. लिनियात २००० फेऱ्यांखाली गाडी सुस्तच असते, तो दोष नाही. त्याच्यावर ओढ एकसलग यायला हवी. मध्येच सुस्कारा ऐकू आला आणि ओढ पडली, तर एखादी नळी फाटली असेल, तो स्वस्तातला आजार. किंचाळल्यासारखा आवाज आला, तर महागातला. स्कॅनर लावाच, आणि आदल्याच दिवशी जुने कोड पुसलेत का तेही बघायला सांगा. टायमिंग बेल्टचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि मग टोचन लावून थेट हेड उतरवायच्या कामालाच न्यावी लागते.

ऑटोमॅटिक घेणाऱ्यांना आणखी एक सांगणं. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच टर्बो गाड्यांत सात गिअरचा ड्राय क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. चालवायला झकास, पण इंच-इंच सरकणाऱ्या गर्दीत त्याचे क्लच तापतात. याच जातीच्या गिअरबॉक्सच्या तक्रारींवरून चीनमध्ये २०१३ साली पावणेचार लाखांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. रोज बीकेसीला जाणार असाल तर मॅन्युअल घ्या, किंवा त्या दुरुस्तीची रक्कम आधीच बाजूला काढा. ई-२० म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचंही विचारतात. एप्रिल २०२३च्या आधीच्या गाड्या सर्वसाधारणपणे त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडा पडतो, आणि जुन्या रबरी नळ्यांवर नजर ठेवावी लागते. माझी शहरात नऊ-दहा देते. ज्यांना हा आकडा झोपू देणार नाही त्यांनी सीएनजीची वॅगन-आर घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

चालवण्याची शिस्त एवढीच. सकाळी पहिली पाच मिनिटं सौम्य. लांबून हायवेने तापून आलात तर थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करायचं. गल्लीत पार्किंग शोधताना तेवढा वेळ आपसूकच जातो, हा वाकोल्याचा फायदा म्हणायचा.

विम्यात मात्र कंजुषी नको. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारली आणि सिलिंडरमध्ये पाणी जाऊन इंजिन फुटलं, तर साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कवच घ्यावं लागतं. पाण्यात गाडी बंद पडली की चावीला हात लावायचा नाही, ढकलून बाहेर काढायची.

राहिले कागद. फॉर्म २९ आणि ३०वर सह्या, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा असतो. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाका, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. पंधरा वर्षं पुरी होत आलेली गाडी असेल तर पुन्हा पासिंग आणि ग्रीन टॅक्स कोण भरणार हे भाव ठरवतानाच बोला. माझी अंधेरी आरटीओतून नुकतीच त्यातून गेली. नव्या हाय-सिक्युरिटी नंबर प्लेटा लागल्यात का तेही बघा. आणि ई-चलनं. गाडीचा नंबर टाकून सगळी थकबाकी मालकासमोरच काढा, भरल्याची पावती घ्या. ताबा घेताना चिठ्ठीवर तारखेबरोबर वेळही लिहा, दोघांच्या सह्या करा. आमच्या गल्लीत एकाने दुपारी गाडी घेतली आणि त्याच सकाळच्या सिग्नल तोडल्याच्या चलनावरून दोघं महिनाभर भांडत होते.