समेची जागा

आषाढी एकादशीची संध्याकाळ. देवळाचा सभामंडप भरलेला. अभंगाचं ध्रुवपद दुसऱ्यांदा फिरलं, ताई अंतऱ्याला हात घालणार, म्हणून मी कीबोर्डवर मेन बीचं बटण दाबलं. फिल वाजला, ठेका बदलला, आणि पुढच्याच आवर्तनात समोर बसलेल्या माळकऱ्यांचे टाळ एकीकडे आणि माझा ठेका दुसरीकडे गेला. त्यांची सम होती तिथेच होती. माझ्या मशीनची सम त्यांच्या पाचव्या मात्रेवर पडत होती. ताईंनी गाता गाता एकदा माझ्याकडे पाहिलं. मी रिदमचे दोन्ही चॅनेल बंद केले आणि उरलेला अभंग नुसत्या टाळांवर झाला. टाळ घेतलेल्या आजीबाईंनी ताल जराही सोडला नाही, म्हणून तो अभंग तडीस गेला.

त्या कार्यक्रमासाठी मी पंधरा दिवस खपून भजनी ठेक्याची स्टाइल बनवली होती. एकादशीच्या दिवशी तबलजी आणि पखवाजी मिळणं किती अवघड असतं, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. मशीनमधली तयार भजनाची स्टाइल मला फार सिनेमाची वाटायची. तेव्हा आपणच करू, असं ठरवलं. मेहनत खरी होती, पण मी कुठे कुठे चुकलो ते मंचावर बसल्यावरच कळलं. तुमच्यापैकी कुणी घरी बसून स्वतःची स्टाइल बनवत असेल, तर त्याच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

पहिली चूक समेची, आणि ती सगळ्यात मोठी. भजनी ठेका आठ मात्रांचा. मी एका मात्रेला मशीनचा एक बीट धरला. चार बीटचा एक बार, म्हणजे एक आवर्तन दोन बारांत बसलं. ऐकायला काहीच वावगं नव्हतं. पण मशीनला आवर्तन माहीत नसतं, त्याला फक्त बार कळतो. पहिल्या बारात बटण दाबलं की फिल तो बार संपेपर्यंत वाजतो आणि पुढच्या बारापासून नवीन मेन आपल्या पहिल्या मात्रेपासून सुरू होतो. गाणाऱ्याची मात्रा तेव्हा पाचवी असते. दुसऱ्या बारात बटण दाबलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. घरी सराव करताना माझा हात योगायोगाने दर वेळी दुसऱ्याच बारात पडत होता, त्यामुळे पंधरा दिवसांत ही गोष्ट एकदाही लक्षात आली नाही.

यावर उपाय सोपा आहे, पण तो रेकॉर्डिंगच्या आधी करावा लागतो. मात्रा अर्ध्या बीटची धरायची. मग आठ मात्रा चार बीटच्या एकाच बारात बसतात आणि प्रत्येक बारची सुरुवात ही समच असते. बटण कधीही दाबा, नवा ठेका समेवरच उतरणार. पडद्यावर टेम्पो निम्मा दिसतो, १५० च्या जागी ७५, त्याची सवय होते. केरवा आणि धुमाळी यांनाही हाच हिशेब लागू. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन बीटच्या बारात नीट बसतात. एक आवर्तन म्हणजे एक बार, एवढं जमलं की मग खुशाल चार किंवा आठ बारांचा मेन करा आणि प्रत्येक आवर्तनात थोडा फरक ठेवा. एकच आवर्तन पुन्हा पुन्हा वाजणारी स्टाइल दहा मिनिटांच्या अभंगात कान किटवते.

दुसरी चूक त्याच संध्याकाळी, त्याच्या आधीच्या अभंगात झाली होती. चाल भीमपलासच्या अंगाची होती. गंधार निषाद कोमल, धैवत शुद्ध. सोयीसाठी पांढरी एक, म्हणजे सी, हा सा धरून सांगतो. फ्रेज चॅनेलवर मी सारंगीसारख्या टोनमध्ये एक छोटा तुकडा भरला होता: सा, कोमल ग, प. भरताना तो कानाला गोड लागला. पण चालीत कॉर्ड मध्यमावर, एफ मेजरवर गेली, तशी मशीनने तो तुकडा जसाच्या तसा पाच अर्धस्वर वर नेऊन ठेवला. कोमल गंधाराचा झाला कोमल धैवत. ताई शुद्ध धैवतावर न्यास करत होत्या आणि त्यांच्या कानाशी कोमल धैवत वाजत होता. त्यांनी तो स्वर लवकर सोडून दिला. तो न्यास त्यांना मनासारखा करता आला नाही याची रुखरुख मला आजही आहे.

हे का झालं ते नीट समजून घ्या, कारण स्टाइल बनवण्याचं मर्म इथेच आहे. आपण स्टाइलमध्ये जे वाजवतो ते एका ठरलेल्या कॉर्डवर वाजवलंय असं मशीन धरून चालतं. यामाहाच्या पद्धतीत ही मूळ कॉर्ड, म्हणजे सोर्स कॉर्ड, आपण बदलली नाही तर सी मेजर सेव्हन असते. पुढे डाव्या हाताने जी कॉर्ड धराल तिच्याप्रमाणे मशीन त्या मूळ स्वरांचं रूपांतर करतं. मायनर धरली की शुद्ध गंधाराचा कोमल गंधार करण्याचं काम त्याचं. मी मात्र कोमल गंधार स्वतःच वाजवून ठेवला आणि मूळ कॉर्ड मेजरच राहू दिली. मशीनला वाटलं, हा स्वर कॉर्डबाहेरचा आहे, वादकाने मुद्दाम घेतला असेल. म्हणून मेजर कॉर्डवरही त्याने तो तसाच उचलून नेला.

म्हणून मेन आणि फिल भरताना सी, डी, ई, जी, ए, बी एवढेच स्वर वापरा. त्यातही सी, ई, जी, बी हे कॉर्डचे स्वर जास्त. एफ टाळा. आपल्या कानाला मध्यमाची ओढ असते, हात आपोआप तिकडे वळतो, पण इथे तो आवरायचा. कोमल स्वर मशीनवर सोडून द्या. खास मायनर अंगाचाच तुकडा हवा असेल, तर भरायच्या आधी मूळ कॉर्ड सी मायनर किंवा मायनर सेव्हन करून घ्या. इंट्रो आणि एंडिंगला हे बंधन नाही, तिथे मोकळेपणाने वाजवा. आणि एक लक्षात ठेवा: भरताना कानावर जे येतं ते मूळ कॉर्डवरचं असतं, रूपांतर झालेलं नसतं. तेव्हा स्टाइल झाली असं म्हणण्याआधी मेजर, मायनर, सेव्हन्थ या तिन्ही कॉर्ड बाराही स्वरांवर धरून ऐकायच्या. अर्धा तास जातो, पण तेवढ्यात बहुतेक दोष कळतात.

तानपुऱ्याचं थोडं वेगळं आहे. तो पॅड चॅनेलवर भरताना फक्त सा आणि प ठेवा, गंधार अजिबात नको. आणि चालीत कॉर्ड बदलली तरी तानपुरा हलता कामा नये. त्यामुळे मी आता तानपुरा स्टाइलमध्ये भरतच नाही, तो वेगळाच लावतो. राग जसजसा शुद्ध होत जातो तसतशी कॉर्ड कमी करायची, हे माझं मत आहे. भैरवाच्या अंगाची चाल असेल तर डाव्या हाताने सा-प एवढंच धरतो. यामाहावर त्याला एक अधिक पाच अशी कॉर्ड आहे, तिच्यात गंधार नसतो. गाणाऱ्याचे कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार मग निर्धास्त लागतात.

आता बासचं. सराव मी पांढरी एकमध्ये केला होता, ताई काळी चारमध्ये गाणाऱ्या. काळी चारमध्ये सा वरून कोमल निषादाच्या कॉर्डवर यायचं म्हणजे दोन अर्धस्वर खाली उतरायचं. माझा बास मात्र दहा अर्धस्वर वर उडाला. स्टाइलच्या प्रत्येक चॅनेलला हाय की नावाची एक मर्यादा असते. कॉर्डचा मूळ स्वर त्या मर्यादेच्या वर गेला की मशीन तो चॅनेल एक सप्तक खाली घेतं. माझी मर्यादा होती एफ शार्प, म्हणजे काळी तीन. काळी चार तिच्या वर, म्हणून सा खालच्या सप्तकात गेला, आणि काळी तीनवरचा कोमल निषाद मर्यादेच्या आत, म्हणून तो वरच राहिला. गाणाऱ्याची पट्टी आधी विचारून घ्या आणि त्या पट्टीत चालीतल्या सगळ्या कॉर्ड वाजवून बासच्या उड्या तपासा. उडी सापडली तर हाय की दोन-तीन अर्धस्वर खाली किंवा वर करून पुन्हा ऐका. मी ती ई वर आणली तेव्हा सा आणि निषाद दोन्ही एकाच सप्तकात आले.

राहिला ठेक्याचा डौल. कार्यक्रमानंतर एक वयस्कर पखवाजी मला भेटले. पन्नासेक वर्षं दिंडीत वाजवलेला माणूस. मी त्यांना स्टाइल पुन्हा ऐकवली. डोळे मिटून त्यांनी दोन आवर्तनं ऐकली आणि म्हणाले, "मास्तर, ठेका चालतोय, पण झुलत नाही." मग समोरच्या सतरंजीवर बोटांनी तोच ठेका वाजवून दाखवला. बोल तेच, वेग तोच. पण मधला एक बोल केसभर मागे पडत होता, आणि त्या केसभरात सगळी चाल होती. मी रेकॉर्ड केल्यावर क्वांटाइझ करून सगळे बोल काटेकोर रेषेवर आणून ठेवले होते. हाताने वाजवताना जे थोडंफार झुलणं आलं होतं, तेही त्यात पुसलं गेलं.

तेव्हापासून भजनी ठेका मी क्वांटाइझ करत नाही. एखादा बोल फारच चुकला तर तेवढाच हाताने सरकवतो. स्वतः वाजवण्यापेक्षा ओळखीच्या तबलजीला घरी बोलावतो, चहा पाजतो, आणि मशीनच्या कीजवर त्याच्याच बोटांनी ठेका भरून घेतो. त्याला पहिली दहा मिनिटं ते अवघड जातं, मग हात बसतो. ग्रूव्हमध्ये स्विंगची सोय असते. ती केरव्याला कधीकधी उपयोगी पडते. पण माणसाच्या हातातलं झुलणं तिने येत नाही, निदान मला तरी आणता आलेलं नाही. बोल जोरात आणि हलके पडतात त्यातही खूप काही असतं, म्हणून सगळ्यांचा आवाज सारखा करण्याच्या फंदात पडू नका.

साठवणीबद्दल थोडक्यात सांगतो. सेव्ह न करता मशीन बंद झालं की केलेलं काम जातं. लोडशेडिंगमध्ये माझ्या दोन संध्याकाळी अशा गेल्या. दर चॅनेल भरल्यावर सेव्ह करा, आणि दर वेळी नवं नाव द्या: भजनी एक, भजनी दोन, भजनी तीन. जुन्यावर नवं चढवलं की मागे जायची वाट उरत नाही. दोन पेनड्राइव्हवर प्रत ठेवा. भाड्याचा कीबोर्ड मिळणार असेल तर त्याचं मॉडेल आधी विचारा. नव्या मॉडेलवर बनवलेली स्टाइल जुन्या मॉडेलवर उघडेलच असं नाही, आणि उघडली तरी तुमचा टोन तिथे नसेल तर दुसराच वाजेल. एका कंपनीची स्टाइल दुसरीच्या मशीनवर सरळ चालेल असं धरूनच चालू नका.

पुढच्या वर्षी त्याच देवळात आम्ही पुन्हा गेलो. त्या पखवाजी आजोबांना मी महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्या स्टाइलचे रिदमचे दोन्ही चॅनेल बंद होते, बास एवढाच चालू होता, आणि तोही ध्रुवपदापुरता. मशीनचा वेग माणसासारखा लवत नाही, म्हणून अभंग चढीला लागला की मी बासही काढून टाकत होतो आणि डाव्या हाताने नुसता सा धरून बसत होतो. आजोबांच्या थापेवर टाळ मिळाले. ताईंनी भीमपलासची तीच चाल घेतली, आणि या वेळी शुद्ध धैवतावर त्या थांबल्या, चांगल्या दोन आवर्तनं.