पाली साहित्यातील लहान जीव

एखाद्याच्या बेवारशी मरणाला मराठीत 'किड्यामुंगीसारखे मरण' म्हणतात. या वाक्प्रचारात दोन समजुती दडलेल्या आहेत. लहान जिवाच्या मरणाला किंमत नसते, आणि काही माणसांच्या मरणालाही नसते. पाली साहित्य या दोन्ही समजुती नाकारते. हे साहित्य मराठी वाचकापर्यंत पोहोचविण्यात धर्मानंद कोसंबी यांचा वाटा मोठा आहे. १९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. प्रस्तुत लेखात आपण या साहित्यातील काही उदाहरणे पाहू.

'उदान' ग्रंथात प्रसंग आहे. जेतवनात अंधाऱ्या रात्री दिवे जळत आहेत आणि पतंग त्यांवर झेप घेऊन मरत आहेत. दिसेल-ऐकू येईल त्यामागे धावणारी, पण सारापर्यंत न पोहोचणारी माणसे तथागतांना त्यांत दिसतात. धम्मपदाच्या तण्हावग्गात कोळी येतो. आसक्त माणूस त्याच्यासारखा स्वतःच विणलेल्या जाळ्यात अडकतो. पुप्फवग्गातील भुंगा मात्र फुलाला इजा न करता रस घेतो. मुनीने गावात तसे वावरावे. पतंग हे मरणाचे, कोळी बंधनाचे, तर भुंगा हा निर्मळ जगण्याचे प्रतीक ठरतो.

लटुकिक जातकात लावी पक्षिणीची पिले हत्तींच्या वाटेवर असतात. कळपाचा नायक असलेला बोधिसत्त्व हत्ती सारा कळप पुढे जाईपर्यंत त्यांच्यावर उभा राहून त्यांना वाचवतो. मागून येणारा एकटा हत्ती त्यांना चिरडतो. पुढे कावळा, माशी आणि बेडूक यांच्या मदतीने लावी त्या हत्तीचा प्राण घेते. कथेचा उपदेश सूडाचा नाही. कोणाशीही वैर करू नये, हा आहे. दोन्ही हत्ती बलवानच होते. बळ कशासाठी वापरले, एवढाच फरक.

ही केवळ प्रतीके नव्हेत. पावसाळ्यात फिरणारे भिक्षू हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा तथागतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे 'महावग्ग' सांगतो. आपल्या मावळातील भाजे, बेडसे, कार्ले येथील विहार पाहताना विद्यार्थ्यांनी हे आठवावे.

मुंगीला साखर घालण्याची चाल आपल्या समाजात जुनीच आहे. तरीही माणसांना सार्वजनिक तळ्याचे पाणी पिता यावे म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडला सत्याग्रह करावा लागला. माणसाला वगळणारी भूतदया ही मैत्री नव्हे. करणीयमेत्त सुत्तात मोठ्या आणि सूक्ष्म, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या साऱ्या जिवांचे सुख एकत्र चिंतिले आहे. त्यात मुंगी आहे आणि माणूसही आहे. हे सुत्त म्हणताना आपण कोणाला वगळत नाही ना, हे प्रत्येकाने तपासावे. कोणाचेही मरण 'किड्यामुंगीचे' नसते, हाच या अभ्यासाचा बोध होय.