उंबऱ्याच्या आतली नोकरी

मामा कामगार खात्यात निरीक्षक होते. सोलापूर, संगमनेर अशा विडी-धंद्याच्या गावांतून त्यांची बहुतेक नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर ते छत्रपती संभाजीनगरात सिडको भागात स्थायिक झाले. भाची पुण्याच्या एका संगणक कंपनीत अभियंता आहे. २०२० च्या टाळेबंदीत ती पुण्याची खोली सोडून याच शहरात परतली, आणि लग्नानंतरही सासरच्या घरातून तेच काम करीत राहिली. आता कंपनीने विचारले आहे की, पुण्यास कचेरीत रुजू होणार, की घरूनच काम करण्याचा नवा करार करणार? पंधरा दिवसांची मुदत आहे.

भाची : मामा, माझे मन ठरत नाही. घरी राहिले तर पुण्याचे भाडे वाचते, हिंजवडीच्या रस्त्यावर जाणारा वेळ वाचतो, मुलगी डोळ्यांसमोर राहते. पण घरात मला कोणी कामावर असलेली मानीतच नाही. परवा बैठक ऐन रंगात असताना नळाला पाणी सुटले. आपल्याकडे पाणी कितीतरी दिवसांआड येते. आले की हौद, टाकी, पिंप सगळे भरून घ्यावे लागते. सासूबाई दारातून म्हणाल्या, मोटार लाव. मी हाताने थांबा म्हणून खूण केली, तर म्हणाल्या, ‘घरीच तर असतेस!’

मामा : पाण्याचे पुढे पाहू. आधी हे काम काही नव्या युगाचे आहे, हा भ्रम सोड. निजामी अमदानीत गावच्या पटवाऱ्याचे दप्तर कोठे असे? त्याच्या घरात. पाहणी, जमाबंदी, वसुलीचे कागद रुमालात बांधून माडीवर ठेवलेले, आणि एखादी नक्कल हवी असली म्हणजे रयतेने ओसरीवर ताटकळत बसायचे. तेही घरून केलेले कामच होते; परंतु तेथे घर ही सत्तेची जागा होती, कारण कागद ज्याच्या घरात, त्याच्या दाराशी गाव येई. आता पैठणला किंवा येवल्याला विणकराच्या घरी जा. घराची पुढली, उजेडाची खोली मागाने व्यापलेली. खड्ड्यात पाय सोडून विणकर बसलेला, आणि आत घरची बाई रेशमाच्या कांड्या भरते आहे. साध्या पैठणीला काही आठवडे, तर भरजरी पदराच्या पैठणीला कित्येक महिने लागतात. रेशीम आणि जरतार व्यापाऱ्याने दिलेली असली म्हणजे विणकराच्या हाती पडते ती केवळ नगाची मजुरी. त्या मजुरीत मागाखाली गेलेल्या खोलीचे भाडे धरलेले नसते, आणि कांड्या भरणाऱ्या हातांचा दाम तर कोणत्याच वहीत मांडलेला नसतो. घर एकच, पण काम कोणाच्या मालकीचे, यावर त्या घराची ओसरी होते की कारखाना होतो, हे ठरते.

भाची : माझ्या बाबतीत काम कंपनीच्या मालकीचे आहे, हे उघडच आहे. पण मामा, ‘घरीच तर असतेस’ याला उत्तर काय द्यावे?

मामा : मध्ये तोडू नकोस. सोलापुरात मी वस्त्यावस्त्यांतून हिंडलो आहे. बाई मांडीवर सूप घेऊन बसते, भिजवलेली तेंदूची पाने कातरीने कापते, चिमूटभर तंबाखू घालून विडी वळते, दोऱ्याने बांधते; मजुरी हजाराच्या दराने. सकाळी माल कारखान्यात नेला की तपासणारा त्यातल्या काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो. छाटीचे श्रम बुडाले. पाने किडकी निघाली किंवा कमी पडली, तर पदरच्या पैशाने बाजारातून आणायची. आणि मालक म्हणत, या बाया आमच्या नोकर नव्हेतच. घरी बसून सवडीने काम करतात, त्यांचा आमचा संबंध मालापुरता. या ‘सवडीने’ शब्दावर कित्येक वर्षांचा भविष्यनिर्वाह निधी आणि रजा बुडत आल्या. शेवटी १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणारीलाही कामगार म्हटले. मालक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७४ मध्ये हरले. पुढे भविष्यनिर्वाह निधीच्या प्रश्नावर त्याच न्यायालयाने मार्मिक भूमिका घेतली की, माल नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचे कामावर नियंत्रण आहे, मग काम कोठेही होवो. या छाटीवर मी सविस्तर अहवाल लिहिला होता. एका वरिष्ठ कचेरीच्या बारनिशीत तो चढला, आणि मी निवृत्त झालो तरी खाली उतरला नाही. त्यातल्या कित्येक बाया एव्हाना हयात नसतील.

भाची : मामा, ही तुलना मला जड जाते. त्यांचा महिन्याचा दाम माझ्या एक-दोन दिवसांच्या पगारात बसेल. मी त्यांच्या पंक्तीला जाऊन बसणे हा त्यांच्या कष्टांचा उपमर्द होईल.

मामा : रास्त बोललीस, आणि हे तुझे तुला सुचले याचा मला संतोष आहे. मिळकतीत तुमची बरोबरी नाही. मला दाखवायची आहे ती व्यवहाराची रचना. तुझी खोली, वीज, खुर्ची, उन्हाळ्यातला कूलर यांचा खर्च कोण करते?

भाची : मीच. त्याचे एवढे काही नाही.

मामा : आणि तास?

भाची : सकाळी साडेनऊला सुरुवात. रात्री साडेनऊला अमेरिकेतल्या मंडळींशी बैठक असते, आठवड्यातून तीनदा.

मामा : त्या दिवशी सकाळी उशिरा बसतेस?

भाची : नाही. तसे कोणी सांगितलेले नाही.

मामा : सांगितलेले नाही! तुम्ही शिकलेली मंडळी पगाराचा आकडा वाचता आणि उरलेला करार न वाचता सही ठोकता. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा कायदा २०१७ साली झाला, तेव्हा दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा त्यात लिहिली होती. कचेरीत दिवे मालवले, पहारेकऱ्याने कुलूप लावले, म्हणजे ती मर्यादा निदान डोळ्यांना दिसते. तुझ्या खोलीत ती दाखवणारे काहीच नाही. म्हणून तास मोजायचे ते तूच मोजले पाहिजेस, आणि लेखी मोजले पाहिजेस.

भाची : तरीही टाळेबंदीत या सोयीनेच सगळे तगले, हे तुम्ही मान्य कराल.

मामा : सगळे? वाळूजच्या कारखान्यात यंत्रावर उभा राहणारा माणूस यंत्र घरी नेणार होता काय? आणि ८ मे २०२० ची पहाट तू कशी विसरलीस? जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर, काम बंद, वाहन नाही, म्हणून रुळांच्या कडेने चालत निघाले. भुसावळ गाठून मध्यप्रदेशात आपल्या घरी जायचे होते. करमाडजवळ थकून रुळांवरच निजले आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. करमाड येथून किती दूर आहे, तूच सांग. तू आपल्या घरात बसून पगार मिळवीत होतीस त्याच आठवड्यातली ही गोष्ट आहे. तुला अपराधी वाटावे म्हणून मी हे सांगत नाही. घरून काम करता येणे हा एक विशेषाधिकार आहे, आणि तो फार थोड्यांना मिळाला आहे. ज्याला मिळाला त्याने त्याच्या अटी नीट बांधून घ्याव्यात, म्हणजे पुढे येणाऱ्यांना त्या मागता येतील.

भाची : म्हणजे पुण्याला जाऊ नको म्हणता?

मामा : मुळीच जाऊ नकोस. लाभ मी नाकारीत नाही. आपल्या गावात राहून, लेकरू वाढवून, स्वतःच्या विद्येची भाकर खाता येणे ही आमच्या पिढीच्या बायकांना न मिळालेली गोष्ट आहे. कित्येक हुशार मुली पहिल्या बाळंतपणाबरोबर नोकरीतून नाहीशा झालेल्या मी पाहिल्या. प्रसूती लाभाच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन, रजेनंतर कामाचे स्वरूप तसे असेल तर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूद झाली, ती यासाठीच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये घरून काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी असा करार केला. आपल्या देशाने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. म्हणून कंपनीकडून लिहून घे : कामाचे तास कोणते, रात्रीची बैठक झाली तर सकाळी सुटी किती, विजेचा आणि इंटरनेटचा खर्च कोणाचा, पुण्यास बोलावल्यास प्रवासखर्च कोणाचा. आणि बढतीच्या वेळी समोर न दिसणाऱ्या माणसाचे काम कोण, कशावरून जोखणार, हे तर सर्वांत आधी.

भाची : हे सगळे मी मागेन. बढतीचे तर मलाही खुपते. पण मामा, सासूबाईंचे काय? दहा वेळा विचारले, तुम्ही दहा वेळा पुढे गेलात.

मामा : गेलो, कारण उत्तर तुला आवडणार नाही. तू बैठकीत असताना तुझी मुलगी कोणापाशी असते?

भाची : सासूबाईंपाशी.

मामा : दुपारचा चहा? दारावर आलेला माणूस? घरात आवाज होऊ नये म्हणून बंद ठेवलेला दूरदर्शन?

भाची : त्यांच्याकडेच सगळे.

मामा : मग कांड्या कोण भरते आहे? तुझ्या कंपनीचे काम त्या घरात दोघी मिळून करता, आणि हजेरीपटावर नाव तुझे एकटीचे. ‘घरीच तर असतेस’ म्हणणारी बाई आयुष्यभर घरीच राहिली, आणि तिच्या कामालाही कोणी काम म्हटले नाही. दुसरे ती काय म्हणणार? तिला तुझे तास सांग, भिंतीवर लिहून लाव, आणि तिचेही तास विचार. तिला दुपारी कोठे जायचे असेल, तर त्या वेळी बैठक ठेवू नकोस.

भाची : हे मी बोलू, की तुम्ही याल?

मामा : तूच बोल. मी आलो तर ते माहेरचे गाऱ्हाणे होईल. आणि नवऱ्यालाही बसव त्या बोलण्यात. पाण्याच्या दिवशी मोटार लावायला त्याने कामावर उशिरा जावे, किंवा रजा टाकावी. त्याच्या रजा शिल्लक असतात ना?

भाची : पुष्कळ.

मामा : मग करारासोबत तेही या आठवड्यात ठरवून टाक. मुदत पंधरा दिवसांचीच आहे.